ट्विक आणि हॅझमॅट: अमेरिकेतली सुरक्षा तपासणी एकदाच करा, दोनदा वापरा

अमेरिकेत ट्रक चालवायचा असो, बंदरावर माल हाताळायचा असो किंवा ह्यूस्टनच्या शिप चॅनलला लागून असलेल्या एखाद्या रिफायनरीत प्रोसेस इंजिनिअर म्हणून रुजू व्हायचं असो, नोकरीच्या अटींमध्ये एक ओळ हमखास दिसते: 'ट्विक कार्ड आवश्यक'. टँकर किंवा रसायनांचा ट्रक चालवणार असाल तर तिच्या शेजारीच दुसरी: 'हॅझमॅट एन्डॉर्समेंट आवश्यक'. या दोन्हींमागे सरकारी पार्श्वभूमी तपासणी असते. नवीन माणूस घाबरतो तो या तपासणीला. प्रत्यक्षात तपासणी फारशी अडवत नाही. अडवतात ती कागदांवरची नावं, चुकीचा क्रम आणि न उघडलेली पत्रं.

मी या प्रक्रियेतून गेलो आहे आणि नंतर बऱ्याच जणांचे अर्ज शेजारी बसून भरून दिले आहेत. त्यातून जे कळलं ते क्रमाने सांगतो.

१. तुम्हाला नेमकं काय हवंय ते आधी ठरवा

ट्विक हे ओळखपत्र आहे. २००२ च्या सागरी वाहतूक सुरक्षा कायद्यातून त्याचा जन्म झाला आणि २००७ पासून कार्डं मिळू लागली. बंदरं, जहाजं आणि पाण्याकाठचे काही कारखाने यांच्या सुरक्षित भागात कुणी सोबत नसताना वावरायचं असेल तर ते लागतं. कार्ड टीएसए, म्हणजे अमेरिकेची वाहतूक सुरक्षा संस्था, देते; त्याची अंमलबजावणी कोस्ट गार्ड पाहतं.

हॅझमॅट एन्डॉर्समेंट म्हणजे तुमच्या व्यावसायिक लायसन्सवरचा, म्हणजे सीडीएलवरचा, शेरा. गाडीवर प्लॅकार्ड (धोक्याची पाटी) लावावा लागेल असा धोकादायक माल न्यायचा असेल तर तो हवा. हा शेरा राज्य देतं, पण त्याआधीची सुरक्षा तपासणी टीएसएचीच. ही अट २००१ च्या पॅट्रियट कायद्यामुळे आली.

दोन्हींची तपासणी जवळजवळ सारखीच आहे: बोटांचे ठसे एफबीआयकडे जातात, नाव दहशतवादविषयक याद्यांशी ताडलं जातं, इमिग्रेशन स्टेटस पाहिलं जातं. एकच माणूस, एकच एजन्सी, तीच चौकशी, मग अर्ज आणि पैसे दोनदा का? ट्रकवाले हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारत आले आहेत आणि काँग्रेसमध्ये त्यावर विधेयकंही आली. तुमच्या हातात मात्र सध्या एकच सवलत आहे. एक तपासणी झालेली असेल तर दुसरीसाठी तीच ग्राह्य धरायला सांगता येतं. ती नीट कशी वापरायची ते तिसऱ्या पायरीत.

विमानतळाचा बॅज ही तिसरीच गोष्ट. तो त्या त्या विमानतळाकडून मिळतो, त्याची गुन्ह्यांची यादी वेगळी आहे आणि तिथे मागची दहा वर्षं पाहतात. ट्विक दाखवून तो मिळत नाही. विमानतळावर नोकरी असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि थेट तिथल्या बॅजिंग ऑफिसला विचारा.

२. स्टेटस बसतंय का ते पाहा

नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांना अडचण नाही. निर्वासित म्हणून प्रवेश किंवा आश्रय मिळालेल्यांनाही ट्विकसाठी अर्ज करता येतो. आपल्या लोकांचा नेहमीचा प्रश्न एच-वन-बीचा असतो. एच-वन-बी आणि एल-वनवर ट्विक मिळतं. म्हणजे कंपनीने रिफायनरीच्या प्रोजेक्टवर पाठवलं म्हणून ग्रीन कार्डाची वाट पाहत बसायची गरज नाही.

पण एक अट लोकांना नोकरी बदलताना कळते. कामाची मर्यादित परवानगी असलेल्या व्हिसावर ट्विक घेतलं असेल, तर ती नोकरी संपताच कार्ड कंपनीकडे परत द्यावं लागतं आणि कंपनीने ते टीएसएला कळवायचं असतं. 'पाच वर्षांचं कार्ड आहे, पुढच्या कंपनीतही चालेल' हा हिशेब इथे लागू नाही.

इतर व्हिसांवर असाल तर टीएसएच्या संकेतस्थळावर स्टेटसनुसार यादी आहे. पैसे भरण्याआधी ती वाचा, कारण अपात्र ठरलात तरी भरलेलं शुल्क परत येत नाही.

आणि हो, भारतातून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागवायची धावपळ करू नका. या अर्जात ते कुणी मागत नाही. कॉन्सुलेटच्या रांगेत उभं राहून आणलेला तो कागद टीएसएचे अर्ज घेणाऱ्या केंद्रावरचा माणूस न बघताच परत देतो.

३. क्रम ठरवा, कारण तारखा एकमेकांना बांधलेल्या असतात

दोन्ही लागणार असतील तर एकासाठी पूर्ण शुल्क भरायचं आणि दुसऱ्यासाठी सवलतीचं. ट्विकचं पूर्ण शुल्क १२५ डॉलरच्या आसपास आहे, हॅझमॅटच्या तपासणीचं ८५ च्या आसपास. आकडे अधूनमधून बदलतात, म्हणून भरायच्या दिवशी टीएसएच्या पानावर पाहा. हॅझमॅटच्या बाबतीत तुमचं राज्य ही सवलत मानतं का, हे मोटार वाहन विभागाला विचारावं लागतं, सगळी राज्यं मानत नाहीत.

आता खरा सापळा. सवलतीत मिळालेल्या दुसऱ्या परवान्याची मुदत पहिल्या तपासणीच्या मुदतीबरोबरच संपते. ट्विकची साडेचार वर्षं उलटून गेलेली असताना तुम्ही सवलतीत हॅझमॅटची तपासणी घेतलीत, तर ती उरलेल्या सहा महिन्यांपुरतीच. मग चाळीस-पन्नास डॉलर वाचवल्याचा आनंद सहा महिने टिकतो. अशा वेळी पूर्ण शुल्क भरून नवी पाच वर्षं घेणं शहाणपणाचं.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी सांगतो: ट्विक आधी काढा. त्याला लायसन्सची अट नाही, त्यामुळे सीडीएलचं प्रशिक्षण चालू असतानाच अर्ज करता येतो. ट्विक हातात आलं की लगेच, त्याच महिन्यात, हॅझमॅटसाठी सवलतीचा अर्ज. दोन्हींची जवळजवळ पूर्ण पाच वर्षं मिळतात आणि नूतनीकरणाची तारीख एकच राहते.

हॅझमॅटसाठी टीएसएची मंजुरी एकटी पुरत नाही. राज्याची लेखी परीक्षा द्यावी लागते आणि ७ फेब्रुवारी २०२२ पासून पहिल्यांदाच हा शेरा घेणाऱ्याला नोंदणीकृत संस्थेतून थिअरीचं प्रशिक्षणही पूर्ण करावं लागतं. ते ऑनलाइन होतं. प्रशिक्षण आधी, परीक्षा नंतर. उलट केलंत तर परीक्षेला बसू देत नाहीत.

४. नाव. इथे वेळ द्या

मराठी माणसाचे अर्ज सर्वांत जास्त इथे अडकतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भारतीय पासपोर्टवर दोनच रकाने असतात: आडनाव आणि दिलेलं नाव. 'स्वप्नील विजय' असं दोन्ही मिळून दिलेल्या नावाच्या रकान्यात बसतं. इथे आल्यावर सोशल सिक्युरिटीच्या माणसाने 'विजय'ला मधलं नाव केलं. लायसन्स काढताना ते मधलं नाव गळलं किंवा नुसतं 'व्ही' राहिलं. ग्रीन कार्डावर 'स्वप्नील विजय' पुन्हा एकत्र आलं. माणूस एक आणि सरकारदरबारी चार. टीएसएच्या अर्जात तुम्ही भराल ते नाव आणि केंद्रावर दाखवाल ती कागदपत्रं अक्षरशः जुळायला हवीत. न जुळल्यास तिथला कर्मचारी तुम्हाला परत पाठवतो. त्याला तसे आदेशच आहेत, त्याच्याशी वाद घालून उपयोग नसतो.

उपाय असा. सगळी कागदपत्रं टेबलावर मांडा आणि प्रत्येकावरचं नाव जसंच्या तसं एका कागदावर उतरवून काढा. त्यातला जो कागद तुम्ही मुख्य ओळख म्हणून दाखवणार आहात, पासपोर्ट किंवा ग्रीन कार्ड, त्यावरचं नाव अर्जात भरा. बाकी सगळी रूपं 'इतर नावं' या रकान्यात. हा रकाना मोकळा सोडू नका. वेगळ्या स्पेलिंगची आणि लग्नाआधीची नावं तिथे टाकल्याने तुमच्यावर कुणी संशय घेत नाही, उलट एफबीआयच्या नोंदीत वेगळं नाव सापडलं तर ते आधीच जाहीर केलेलं असतं.

लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी आणखी काळजी घ्यावी. आपल्याकडे आडनाव आणि वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव तर येतंच, काही घरांत सासरी पहिलं नावही बदलतात. म्हणजे दाखल्यावरचं एकही अक्षर आताच्या पासपोर्टशी जुळत नाही. अशा वेळी विवाह नोंदणी प्रमाणपत्र मूळ स्वरूपात जवळ ठेवा. पहिलं नावही बदललं असेल तर राजपत्रातली नोंद लागते. प्रमाणपत्र फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्या.

ज्यांच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन) आलं आहे, म्हणजे पासपोर्टचा एक रकाना रिकामा होता, त्यांनी आधी पासपोर्ट दुरुस्त करून घेतलेला बरा. व्हिसावर असलेल्यांनी आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावरून ताजा उतरवून घ्यावा आणि त्यावर नाव-आडनाव उलटसुलट झालेलं नाही ना ते पाहावं. ही चूक सर्रास होते आणि दुरुस्तीला वेळ लागतो.

५. काय काय बरोबर न्यायचं

- नागरिकांसाठी: चालू अमेरिकन पासपोर्ट. तो नसेल तर लायसन्स आणि नागरिकत्वाचं प्रमाणपत्र.
- ग्रीन कार्डधारकांसाठी: ग्रीन कार्ड, मुदत संपलेलं नसावं.
- व्हिसावर असलेल्यांसाठी: भारतीय पासपोर्ट आणि स्टेटस दाखवणारे कागद, म्हणजे आय-९४, आय-७९७ (अर्ज मंजूर झाल्याची सूचना) वगैरे. तुमच्या स्टेटससाठी कोणता संच चालतो ते टीएसएच्या पानावर असतं. ते पान छापून बरोबर न्या, केंद्रावरच्या नवख्या कर्मचाऱ्यालाही त्याचा उपयोग होतो.
- नाव बदललं असेल तर त्याचा पुरावा.
- सोशल सिक्युरिटी क्रमांक. सक्ती नाही, पण दिला नाही तर तपासणी रेंगाळते.
- एलियन रजिस्ट्रेशन क्रमांक, असेल तर.
- मागच्या पाच वर्षांतले सगळे पत्ते, तारखांसकट.
- सवलत घेणार असाल तर आधीचं ट्विक किंवा हॅझमॅटचं लायसन्स.

सगळं मूळ किंवा प्रमाणित प्रत. झेरॉक्स चालत नाही, फोनमधला फोटो तर नाहीच.

पत्त्यांबद्दल एक. पेइंग गेस्ट, कंपनीचं अपार्टमेंट, मित्राकडचे दोन महिने, हे सगळं पत्त्यांतच धरायचं. मध्ये रिकामी जागा सोडू नका.

६. अर्ज आणि भेटीचा दिवस

अर्ज ऑनलाइन सुरू करा. त्यासाठी टीएसएच्या सरकारी संकेतस्थळावर जाऊन तिथल्या दुव्यावरूनच पुढे जा. सर्च इंजिनमध्ये 'ट्विक अर्ज' शोधलंत तर वरच्या जाहिरातींत दलालांची पानं येतात. ती तुमचाच फॉर्म भरून द्यायचे जादा पैसे घेतात आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक भलत्याच हातात जातो.

प्रश्नांची उत्तरं खरी द्या. गुन्ह्यांची यादी दाखवून 'यातलं काही आहे का' असं विचारतात. पूर्वी कधी मनोरुग्णालयात सक्तीने दाखल केलं होतं का, असाही प्रश्न असतो. खोटं उत्तर हा स्वतंत्र गुन्हा आहे.

केंद्रावर फार तर अर्धा तास जातो: कागद तपासणी, फोटो, दहा बोटांचे ठसे, पैसे. ठशांची तयारी घरून करा. सॉल्व्हंट, सिमेंट, ग्रीस यांत काम करणाऱ्यांची बोटं घासून गुळगुळीत झालेली असतात आणि एफबीआय असे ठसे नाकारतं. मग पुन्हा बोलावणं. आधीचा आठवडाभर रात्री हातांना मॉइश्चरायझर लावा आणि जमलं तर सुट्टीनंतरच्या दिवसाची अपॉइंटमेंट घ्या. त्या दिवशी सकाळी मात्र क्रीम लावू नका, ठसे घेणाऱ्या यंत्राची काच बरबटते.

कार्ड घरी मागवायचं की केंद्रावरून घ्यायचं तेही विचारतात. घर बदलणार असाल तर केंद्रावरचा पर्याय निवडा. पोस्टाने आल्यास कार्ड आणि त्याचा पिन दोन वेगळ्या पाकिटांत येतात. पिनचं पाकीट रद्दीत गेल्याच्या तक्रारी कायमच्या.

७. वाट पाहताना

कार्ड लागण्याच्या किमान ६० दिवस आधी अर्ज करा, असं टीएसएच सांगते. बऱ्याच जणांचं त्याहून खूप लवकर होतं, पण रुजू होण्याची तारीख त्या आशेवर ठरवू नका. अर्जाची स्थिती ऑनलाइन दिसते.

नोकरी आधीच सुरू झाली असेल तर कंपनीला नवीन कर्मचाऱ्यांच्या तरतुदीबद्दल विचारा. ट्विकसाठी अर्ज केलेला असेल तर बंदर किंवा कारखाना तुम्हाला ३० दिवसांपर्यंत कार्डधारक सहकाऱ्याच्या सोबतीने आत येऊ देऊ शकतो. हे त्यांच्या मर्जीवर आहे, तुमचा हक्क नव्हे. एचआरला ही तरतूद माहीतच नसते, असंही पुष्कळदा होतं. फॅसिलिटी सिक्युरिटी ऑफिसरला गाठा, त्याला माहीत असते.

८. पत्र आलं तर

टीएसएकडून 'प्राथमिक निर्णया'चं पत्र आलं की लोक समजतात संपलं. नाव नीट वाचा: प्राथमिक. तुमच्या नोंदीत काहीतरी खटकलं आहे आणि ते खोडून काढायची संधी तुम्हाला दिली आहे. उत्तराला ६० दिवस असतात. त्या मुदतीत काहीच केलं नाही तर तोच निर्णय अंतिम होतो. जुन्या पत्त्यावर गेलेली, न उघडलेली पत्रं इथे घात करतात. कागद जमवायला वेळ लागणार असेल तर मुदतवाढ मागता येते, पण तीही मुदतीच्या आत.

सगळ्यांत जास्त आढळणारं कारण: अटक झाली होती, केस नंतर रद्द झाली, पण एफबीआयच्या नोंदीत फक्त अटकच दिसते. निकाल कोर्टाने कळवलेलाच नसतो. दुकानातल्या गैरसमजातून किंवा घरगुती भांडणात पोलीस आले आणि नंतर केस निकाली निघाली, अशी प्रकरणं आपल्या लोकांतही आहेत, बोलत कुणी नाही एवढंच. यावर इलाज सोपा आहे: ज्या कोर्टात केस होती तिथल्या क्लार्ककडून निकालाची प्रमाणित प्रत घ्या आणि अपिलासोबत पाठवा. वकिलाचं लांबलचक पत्र त्या एका शिक्क्याची जागा घेऊ शकत नाही.

असं काही असल्याची शंका जरी असेल तर अर्जाच्या आधीच एफबीआयकडून स्वतःची नोंद मागवा. १८ डॉलर पडतात. त्यात चूक दिसली तर निवांतपणे दुरुस्त करता येते.

खरोखर शिक्षा झालेली असेल तर? गुन्ह्यांचे दोन गट आहेत. हेरगिरी, देशद्रोह, दहशतवाद, खून, स्फोटकांचे गुन्हे हे कायमचे अपात्र ठरवतात, मग कितीही वर्षं उलटोत. दुसऱ्या गटात दरोडा, लाच, तस्करी, अमली पदार्थांची विक्री, जाळपोळ, शस्त्रांचे गुन्हे, ओळखीची फसवणूक वगैरे येतं. यांत अर्जाच्या आधीच्या ७ वर्षांत दोषी ठरला असाल किंवा तुरुंगातून सुटून ५ वर्षं झाली नसतील तर अडचण. या यादीतल्या गुन्ह्याचा खटला चालू असेल किंवा वॉरंट असेल तरीही तोवर नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याची केस या यादीत नाही. सीडीएलवर तिचे परिणाम भयंकर होतात, पण ते वेगळं खातं.

नोंद चुकीची असेल तर अपील. नोंद बरोबर आहे पण माणूस बदलला आहे, असं म्हणायचं असेल तर वेव्हर, म्हणजे अपात्रतेतून सूट. हेरगिरी, राजद्रोह, देशद्रोह आणि दहशतवाद सोडून बाकी बहुतेकांना वेव्हर मागता येतो. शिक्षा पूर्ण केल्याचे कागद, नोकरीचा इतिहास, मालकांची आणि प्रोबेशन अधिकाऱ्याची पत्रं जोडतात. अपील आणि वेव्हर एकत्र मिसळू नका. 'मी केलं नाही आणि केलं असलं तरी माफ करा' असं एकाच पत्रात लिहिलेलं मी पाहिलं आहे. वाचणाऱ्याने त्याचं काय करायचं?

९. कार्ड हातात आल्यावर

ट्विक म्हणजे प्रवेशाचा परवाना नव्हे. कार्ड असूनही आत कुणाला घ्यायचं हे बंदर किंवा कारखाना ठरवतो. बऱ्याच ठिकाणी त्यांचं स्वतःचं सुरक्षा प्रशिक्षण आणि वेगळा बॅज असतो.

नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असाल तर एक फायदा आहे, जो सहसा कुणी सांगत नाही: चालू ट्विकवर विमानतळावरची टीएसए प्रीचेक रांग, म्हणजे सुरक्षा तपासणीची झटपट रांग, वापरता येते. कार्डाच्या मागे छापलेला ओळख क्रमांक विमानाचं तिकीट काढताना 'ज्ञात प्रवासी क्रमांका'च्या रकान्यात टाका. प्रीचेकचे पैसे वेगळे भरू नका.

यादीतल्या एखाद्या गुन्ह्यात आरोप निश्चित झाला किंवा दोषी ठरलात तर २४ तासांत कळवून कार्ड परत करायचं असतं. हॅझमॅटच्या बाबतीत हे राज्याला कळवायचं. तपासणी एकदा होऊन थांबत नाही, नावं याद्यांशी पुन्हा पुन्हा ताडली जातात.

कार्ड हरवलं तर नवं कार्ड ६० डॉलरला मिळतं, जुन्याच मुदतीसह. म्हणून मुदत संपायला थोडेच महिने राहिले असतील तर बदली कार्ड न घेता सरळ नूतनीकरण करा. २०२२ पासून ते बहुतेकांना ऑनलाइन करता येतं, ठसे पुन्हा द्यावे लागत नाहीत. हॅझमॅटची तारीख ट्विकशी बांधलेली असेल तर दोन्ही अर्ज एकाच आठवड्यात टाका, आधी ट्विकचा.